कडीला बांधलेलं लाल फडकं

उजव्या हाताचं बोट ओठांवर आणि डाव्या हाताचं बोट वरच्या मजल्यांकडे. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात तुम्ही सकाळी नऊनंतर पाऊल टाकलंत की हे दृश्य दिसायचंच. पहिल्या पायरीशेजारी निळं प्लास्टिकचं स्टूल, स्टुलावर काका, आणि काकांच्या तोंडून जेमतेम बाहेर पडणारे तीन शब्द.

"हळू. शिफ्ट झोपलीय."

शिफ्ट म्हणजे तिसरी शिफ्ट. मोशीतल्या आमच्या चार मजली बिल्डिंगमधले बहुतेक पुरुष चाकणच्या कंपन्यांत, आणि कुठल्याही आठवड्यात त्यांतले बरेचसे रात्रपाळीला. सकाळी कंपनीची बस त्यांना कोपऱ्यावर सोडायची, ते डोळे चोळत जिना चढायचे, आणि नऊ ते तीन ही बिल्डिंग त्यांच्या झोपेच्या ताब्यात जायची. त्या झोपेची राखण काकांनी स्वतःहून अंगावर घेतली होती. सोसायटीने त्यांना नेमलं नव्हतं. सोसायटीने नेमलेल्या चेअरमनला मात्र कोणी ओळखत नव्हतं आणि काकांना सगळे घाबरत होते.

भाजीवाला आमच्या गेटपाशी आला की ओरडणं थांबवायचा आणि नुसता दुधी उंच धरून उभा राहायचा. बायका गॅलरीतून बोटांनी किती हवेत ते दाखवायच्या. पोरं मोजे गुंडाळून केलेल्या चेंडूने क्रिकेट खेळायची, आणि अपील करताना हात वर, तोंड उघडं, आवाज शून्य. कुकरची शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवता येणं ही आमच्याकडे नव्या सुनेची पहिली परीक्षा असे. भांडणंसुद्धा कुजबुजत होत. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन जावा तासभर एकमेकींचा उद्धार कुजबुजत करताना मी पाहिल्या आहेत. हळू आवाजात दिलेली शिवी जास्त लागते, हे मला तेव्हा कळलं.

आता यातली गंमत सांगते. काकांना ऐकूच येत नव्हतं.

अगदी ठार बहिरे नव्हते, पण जवळपास तसेच. तीस वर्षं त्यांनी फोर्जिंग शॉपमध्ये लाल झालेलं लोखंड हॅमरखाली धरलं होतं, तेही हौसेने कायम तिसऱ्या शिफ्टला. त्या हॅमरने त्यांचे कान नेले. मुलीने आणून दिलेलं कानाचं मशीन शोकेसमध्ये, नातवाच्या ट्रॉफीशेजारी, डबीतच पडलेलं असे. "त्यात नुसता गोंधूळ ऐकू येतो," असं ते म्हणायचे.

मग आवाज कळायचा कसा? काका जिन्याच्या लोखंडी कठड्यावर तळहात ठेवून बसायचे. क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "तिसऱ्यावर खलबत्ता चाललाय." वर जाऊन बघावं तर खरंच कोणीतरी शेंगदाण्याचं कूट करत बसलेलं असायचं. शिवाय त्यांना ओठ वाचता यायचे, त्यामुळे त्यांच्याबद्दल कुजबुजून बोलण्यातही काही अर्थ नव्हता.

लाल फडकं ही त्यांचीच कल्पना. कारखान्यात मशीनला लाल टॅग लावलेला असला की त्याला हात लावायचा नाही, बटण दाबायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. काकांनी तोच नियम दारांना लावला. ज्या घरात कोणी दिवसा झोपलंय, त्या दाराच्या कडीला लाल फडकं. ते दिसलं की बेल वाजवायची नाही, कडी वाजवायची नाही, गुपचूप परत फिरायचं. कुरिअरवाला, गॅसवाला, वर्गणीवाले, सगळे हा नियम पाळायचे. आमच्या गल्लीत देवळाच्या दारापेक्षा त्या फडक्याला जास्त मान होता.

माझी मुलगी जन्मली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही तिला घरी आणली, तेव्हा काका दारात उभेच होते. हातात कोरं, नवं लाल फडकं. ते त्यांनी स्वतःच्या हाताने आमच्या कडीला बांधलं, गाठ ओढून बघितली आणि म्हणाले, "लेकराची झोप म्हंजी सगळ्यात मोठी शिफ्ट. कुनी वाजवायचं न्हाई."

आम्हाला धन्य वाटलं.

आणि काय सांगू, काय झोपायची ती! चार-चार, पाच-पाच तास. पाळण्यात ठेवावी ती गपगार. रडणं जवळजवळ नाहीच. लातूरकडच्या गावाहून माझ्या बाळंतपणासाठी आलेल्या सासूबाई रोज फोनवर साऱ्या भावकीला सांगायच्या, "लई गुणाचं लेकरू हाय बगा. तोंडातून आवाज म्हून काढत नाही." माझा नवरा चाकणलाच मेंटेनन्सला आहे. तो कौतुकाने म्हणायचा, "झीरो ब्रेकडाऊन!" मी मोबाईलवर बाळाच्या झोपेची नोंद ठेवणारं एक अ‍ॅप घेतलं होतं. ते मला रोज संध्याकाळी टाळ्या वाजवणारं अस्वल दाखवायचं. माझ्या कंपनीतल्या मैत्रिणींचा एक ग्रुप आहे, त्यातल्या दोघी नुकत्याच बाळंत झाल्या होत्या आणि डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांचे फोटो टाकत होत्या. मी लिहिलं, "आमची तर झोपतेच बाई." पुढे हसरा चेहरा टाकला. एवढा आगाऊपणा मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलेला नाही.

दूध दाटून माझी छाती दुखायची, ब्लाऊज भिजायचा, आणि मी तेही मिरवायचे, की बघा किती दूध आहे. ते कोणासाठी आलंय हा प्रश्न काही मला पडत नव्हता.

तुम्ही म्हणाल, पोर काहीच सांगत नव्हती का? सांगत होती की. झोपेत ओठ चाटायची. सासूबाई म्हणायच्या, "सटवाई खेळवायलीय तिला." मान इकडून तिकडे वळवायची. नवरा म्हणायचा, "पंखा शोधतेय." मूठ तोंडाशी न्यायची. आम्ही म्हणायचो, नमस्कार करतेय, संस्कारी आहे. मग नखं लागतील म्हणून सासूबाईंनी तिला हातमोजे घातले आणि तो नमस्कारही बंद झाला.

मी गिअर बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला आहे, हे इथे सांगायलाच हवं. केसाएवढा फरक असलेला पार्ट मी बाजूला काढते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ती पसरवण्यात माझाही थोडा हात आहे.

आमच्या भागातली आशाताई त्या दिवसांत दोनदा येऊन गेली. नवं बाळ घरी आलं की वजन बघायला, पाजणं नीट चाललंय का विचारायला ती येतेच. दोन्ही वेळा तिने कडीला लाल फडकं पाहिलं आणि दोन्ही वेळा ती पावलं न वाजवता परत गेली. हे आम्हाला नंतर कळलं. आमच्या गल्लीचीच ती, नियम कसा मोडेल?

बाराव्या दिवशी बारसं ठरलं. गुरुजींनी मुहूर्त काढला नेमका सकाळी अकराचा, म्हणजे भर शिफ्टच्या झोपेत. सासूबाई मुहूर्त सोडायला तयार नव्हत्या, काका शिफ्ट सोडायला तयार नव्हते. शेवटी तोडगा निघाला, की बारसं कुजबुजत करायचं.

तसं बारसं तुम्ही पाहिलेलं नसणार. पंधरा-वीस बायका जरीच्या साड्या नेसून पाळण्याभोवती उभ्या, आणि पाळणा म्हणतायत नुसत्या ओठांनी. टाळ्या वाजवताना तळहात एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. "कुणी गोविंद घ्या" सुद्धा श्वासावर. आत्याने कानात कुर्र केलं ते तेवढं नेहमीसारखं झालं, कारण ते मुळातच हळू असतं. नाव ठेवलं सई. आणि सई या सगळ्यात गाढ झोपलेली. जी ती येऊन पाळण्यात डोकावायची आणि हात जोडून भुवया उंचावायची, की भाग्यवान आहेस बाई. मी मान तुकवून प्रत्येकीचं कौतुक घेत होते.

काका काकूंबरोबर आले. बाकी सगळे घुगऱ्यांकडे वळले तरी ते पाळण्यापाशीच थांबले. त्यांना पाळणागीत ऐकू येत नव्हतं, गप्पा ऐकू येत नव्हत्या, त्यामुळे त्या खोलीत नुसतं पोरीकडे बघणारा माणूस एकटा तोच होता. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिचा एक हातमोजा काढला. मूठ लगेच तोंडाकडे गेली. काकांनी आपलं जाडं, भाजल्याच्या डागांचं बोट तिच्या गालाला लावलं. तिने मान वळवली, तोंड उघडलं, आणि अर्ध्यातच सोडून देऊन पुन्हा झोपली.

"हिला कवा पाजलीय?" त्यांनी मला विचारलं, नेहमीसारखं कुजबुजत.

"सकाळी सहाला. झोपलीय ना काका, झोपेतून कशी उठवू?"

"मधी रडली न्हाई?"

"नाही हो. ही रडतच नाही," मी म्हणाले. माझ्या आवाजात अजून मिरवणं होतं, ते मला आजही ऐकू येतं.

काकांचा चेहरा उतरला. "रडंल कशी? मागून मागून दमलीय ती."

सासूबाई पुढे झाल्या. "अवो, भुकेजलं लेकरू रडल्याबिगर ऱ्हातंय का कुठं?"

काकांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. आणि मग ते ओरडले.

"उठवा तिला!"

त्या बिल्डिंगमध्ये काकांचा आवाज त्याआधी कोणी ऐकलेला नव्हता. कुजबुज ऐकली होती, आवाज नाही. तो हॅमरच्या वर चढवून तीस वर्षं वापरलेला आवाज होता. घुगऱ्यांची वाटी कोणाच्या तरी हातातून खाली पडली. वरखाली धडाधड दारं उघडली. तिसरी शिफ्ट अख्खीच्या अख्खी बनियन-लुंगीवर जिन्यात आली. एकाला वाटलं आग लागली, तो हातात बादली घेऊनच उतरला. एकाने सवयीने ओठांवर बोट नेलं, ओरडणारा कोण आहे ते पाहिलं आणि बोट खाली घेतलं.

काका त्यांच्यामधून वाट काढत आमच्या दाराशी गेले आणि कडीचं फडकं सोडू लागले. गाठ सुटेना. त्यांनीच आवळून बांधलेली. शेवटी त्यांनी ती दातांनी सोडवली. "ह्ये मीच बांधलं," असं ते सारखं म्हणत होते.

काकूंनी सईचे कपडे काढले, ओल्या फडक्याने तळवे पुसले, पाठीवर बोटं फिरवली. ती कुरकुरली, जरा प्यायली, पुन्हा पेंगली. पुन्हा तळवे. बनियनवरच्या एका शेजाऱ्याने तसाच गाडी काढून आम्हाला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी वजन केलं. जन्माच्या वेळी होतं त्याच्यापेक्षा बरंच कमी होतं. थोडी कावीळ होती, त्यामुळे बाळ पेंगत होतं. पेंगतंय म्हणून पीत नव्हतं आणि पीत नाही म्हणून आणखी पेंगत होतं. "किती वेळा पाजता?" त्यांनी विचारलं. मी मोबाईल काढून झोपेच्या नोंदी दाखवायला लागले. अस्वलाने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाईंनी मोबाईल माझ्या हातातून घेऊन नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "झोपेचं नंतर. दुधाचं सांगा."

चार-पाच वेळा, असं मी सांगितलं. तेही अंदाजाने, कधी मोजलंच नव्हतं.

"पहिले काही आठवडे दर दोन-अडीच तासांनी पाजायचं. झोपली असेल तर उठवून. रडायची वाट बघायची नाही," त्या म्हणाल्या. दोन दिवस आम्हाला ठेवून घेतलं. त्या दोन दिवसांत मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही. माझी पोर मुकाट्याने उपाशी होती आणि मी तिला गुणाची म्हणत होते.

घरी परत आलो तर जिन्याखालचं स्टूल रिकामं. काकू म्हणाल्या, "आतच बसल्यात. जेवनाकडं बघंनात." आणि मग त्यांनी मला ते सांगितलं. त्यांचं पहिलं लेकरू तान्हं होतं तेव्हा काकू दिवसा पॅकिंगच्या कामाला जायच्या आणि काका रात्रपाळी करून आल्यावर पोरीला सांभाळायचे. एकदा काका तिच्या शेजारीच झोपले. ती रडली, रडत राहिली, तिचा आवाज बसला. शेजारच्या बाईने दार ठोठावलं, तेही काकांना ऐकू आलं नाही. काकू घरी आल्या तेव्हा पोर नुसतं तोंड उघडत होती आणि शेजारी बाप घोरत होता.

"तवा कळलं, ह्यांचं कान गेल्यात," काकू म्हणाल्या. "त्या दिसापासनं झोळीची दोरी मनगटाला बांधून झोपायचे. लेकरू जरा हाललं की दोरी वढायची. आन मग उठून तिच्या तोंडाकडं बघत बसायचे. रडायच्या आधी काय काय करती, समदं पाठ केलं त्यांनी."

आम्ही परतल्याच्या तिसऱ्या दिवशी काका आले. बरोबर आशाताई, तिच्या खांद्याला वजनाची झोळी. काका उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. "माझ्या फडक्यापायी ही दोनदा माघारी गेली. माझं चुकलं, पोरी."  मी नुसती बाजूला झाले आणि ते आत आले.

पुढचे काही आठवडे काका रोज यायचे आणि आमची शिकवणी घ्यायचे. "रडणं म्हंजी बस सुटली," ते नवऱ्याला म्हणायचे. "सुटल्याव पळून काय उपेग? बस लांबनं दिसती तवाच उभं ऱ्हायचं. पापन्यांखाली डोळं फिराया लागलं, बस कोपऱ्याव. जीभ भायेर आली, मूठ तोंडात गेली, बस पुढ्यात. तवा उचलायचं."

नवऱ्याने याचा लगेच रंगीत तक्ता केला आणि लॅमिनेट करून पाळण्यावर लावला. काकांनी तो नीट वाचला, चांगला हाय म्हणाले, आणि काढून फ्रिजवर चिकटवला. "ह्याच्याकडं बघत बसशीला, मग पोरीकडं कोन बघनार?" अ‍ॅप मी त्याच दिवशी काढून टाकलं. हातमोज्यांनी सासूबाई काचा पुसायला लागल्या.

आशाताईच्या काट्यावर सई दर आठवड्याला झोळी आणखी थोडी खाली ओढू लागली. काका काट्याच्या सुईकडे चष्मा लावून बघायचे. आकडा आशाताई सांगायची, पण त्यांचा विश्वास सुईवर.

आणि मग एका दुपारी, भर शिफ्टच्या झोपेत, सई रडली. मला तिला उचलायला जरा उशीर झाला होता, आणि तिने असा काही गळा काढला की जिन्यात पाच-सहा जणांची बोटं आपोआप ओठांवर गेली. काका वर आले. मी तिला खांद्यावर घेतली होती. त्यांनी कठड्यावर ठेवायचे तसा तळहात तिच्या इवल्या पाठीवर टेकवला आणि क्षणभर डोळे मिटले.

"वाजतीय," ते म्हणाले. त्यांना एवढं खूश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर फडकी राहिली, पण तान्हं मूल असलेल्या घराला त्यांनी पुन्हा कधी फडकं बांधलं नाही. आशाताईला सांगून ठेवलं, की लाल असो नाहीतर काळं, तू वाजव.

गेल्या वर्षी काका गेले. सकाळी स्टुलावरच, कठड्यावर हात ठेवून बसलेले. बातमी वर गेली आणि माणसं खाली आली, पण कशी आली ते बघण्यासारखं होतं. चपला हातात घेऊन, दारं हलकेच ओढून घेऊन. अकरा वाजले होते. बायका पदराचा बोळा तोंडात धरून रडत होत्या. त्यांची मुलगीसुद्धा हुंदके गिळत होती. ज्या माणसाने अख्ख्या बिल्डिंगला आवाज न करायला शिकवलं, त्याच्यासाठी आवाज कसा करायचा हे कोणाला सुचत नव्हतं.

सई तीन वर्षांची होती. तिने रिकामं स्टूल पाहिलं, मला विचारलं, आजोबा कुठे गेले. मी सांगितलं. आणि ती मोठ्याने रडायला लागली, अगदी घसा फोडून. माझा हात सवयीने तिच्या तोंडाकडे गेला.

काकूंनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. मोठ्यांदा रडू दे तिला," त्या म्हणाल्या. "हळू रडल्यालं त्यांना कुठं ऐकू यायचं?"

त्यांनी स्वतःच पहिला हंबरडा फोडला. मग त्यांची मुलगी, मग दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी जावा, मग झोपेतून उठून आलेली तिसरी शिफ्ट. माझा हात जिन्याच्या कठड्यावर होता, आणि लोखंड थरथरत होतं.